हसू आलं तर समजलं

३१ मार्च २०००, शुक्रवारची रात्र. पुण्यातल्या एका सहकारी बँकेच्या मुख्य कचेरीतली कॉम्प्युटर रूम. वायटूकेची, म्हणजे सन २००० लागताच संगणक गडबडण्याची, धास्ती तीन महिन्यांपूर्वी निभावली होती, आता मार्च एंडिंग होतं. बँकेच्या शाखा तेव्हा एकमेकींना तारेनं जोडलेल्या नव्हत्या. प्रत्येक शाखा दिवसाचे व्यवहार फ्लॉपीवर उतरवून द्यायची, फ्लॉपी खाकी पाकिटात जायची, आणि ती पाकिटं गोळा करत आमचे शिपाईमामा स्कूटरवरून गावभर फिरायचे. १४ शाखांपैकी १३ फ्लॉप्या वाचून झाल्या होत्या. एक काही केल्या वाचली जात नव्हती, म्हणून मामा तिची दुसरी प्रत आणायला गेले होते. ते येईपर्यंत कुणालाच काम नव्हतं.

आमच्या साहेबांनी कपाटातून दोन पानं काढून माझ्यापुढे ठेवली. डॉट मॅट्रिक्सवर छापलेली, कडेच्या भोकांच्या पट्ट्या अजून न फाडलेली.

"नेटवर्क शिकायचंय ना तुला? मग आधी हे वाच. हसू आलं तर समजलं म्हणायचं."

मथळ्यात म्हटलं होतं की पक्ष्यांमार्फत इंटरनेटची माहिती पाठवण्याचं हे मानक आहे. खाली तारीख, १ एप्रिल १९९०. लेखक डेव्हिड वेट्झमन. इंटरनेटवर जे काही जातं ते छोट्या छोट्या पुडक्यांत विभागून जातं. प्रत्येक पुडक्यावर कुठून आलं, कुठे जायचं हे लिहिलेलं असतं. त्या कागदात सांगितलं होतं की हे पुडकं कागदाच्या बारीक गुंडाळीवर छापावं, कबुतराच्या एका पायाला गुंडाळावं आणि चिकटपट्टीनं पक्कं करावं. पलीकडे कबूतर उतरलं की गुंडाळी सोडवून यंत्रानं वाचून घ्यावी. एका खेपेची मर्यादा साधारण २५६ मिलिग्रॅम. एका कबुतराला एकच ठरलेला मार्ग. पोचायला वेळ फार, एका वेळी माहिती थोडी, उंची कमी. कृमी शोधून नष्ट करण्याची सोय अंगभूत. शिवाय वाहक जिथे जिथे बसतील तिथे त्यांच्या येण्याजाण्याची नोंद आपोआप राहील.

पहिल्या वाचनात मला हसू आलं नाही. दुसऱ्यांदा वाचताना आलं, आणि ते का आलं हे शोधताना मला 'विलंब' आणि 'क्षमता' या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे कळलं, पुडक्याला कमाल आकार का असतो हे कळलं, पुडकी हरवणार हे गृहीत धरूनच सगळी रचना केलेली असते हेही कळलं. कृमींचा उल्लेख तिथे का आला हे साहेबांनी सांगितलं. १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये रॉबर्ट मॉरिस नावाच्या विद्यार्थ्याचा 'वर्म' इंटरनेटभर पसरून हजारो यंत्रं ठप्प झाली होती. कबुतरांचा कागद निघाला तेव्हा ती आठवण दीडच वर्षाची होती.

संगणकवाल्यांच्या गप्पांत, शेऱ्यांत आणि थट्टेत जे असतं ते त्यांच्या अधिकृत कागदांत क्वचितच असतं, असं मला तेव्हापासून वाटत आलं आहे. स्वतःच्या यंत्रांबद्दल त्यांना काय वाटतं, कशाची भीती वाटते, कशाचा वीट आला आहे, हे ते थेट सांगत नाहीत. त्याची गंमत करतात. म्हणून ही गंमत मी जमवत आलो, आणि त्यातल्या तीनचार गोष्टी सविस्तर सांगाव्यात म्हणून हा लेख.

तुमचं मत कळवा

ज्या मालिकेत कबुतरांचा कागद निघाला तिचं नाव 'रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स', रोजच्या बोलण्यात आरएफसी. मराठीत म्हणायचं तर 'तुमचं मत कळवा'. इंटरनेट ज्या नियमांवर चालतं ते याच मालिकेत छापले जातात. पहिला अंक ७ एप्रिल १९६९ चा, लेखक स्टीव्ह क्रॉकर. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकणारा पोरगा. अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशातून चार ठिकाणचे संगणक जोडायचं काम चालू होतं आणि नियम लिहायची जबाबदारी कशी कोण जाणे विद्यार्थ्यांवर येऊन पडली होती. कुणीतरी मोठी, अधिकारी माणसं येतील आणि 'तुम्हाला हे कुणी सांगितलं होतं?' म्हणतील, अशी त्यांना धास्ती होती. क्रॉकरनं पुढे सांगितलं आहे की घरातल्यांची झोपमोड नको म्हणून तो मजकूर त्यानं रात्री न्हाणीघरात बसून लिहिला. आणि आपण हुकूम सोडतोय असं वाटू नये म्हणून नाव ठेवलं, 'तुमचं मत कळवा'.

हे नाव मला फार मोलाचं वाटतं. ज्या कागदाचं नाव 'आदेश' किंवा 'परिपत्रक' असतं त्यात थट्टेला जागा नसते. ज्याचं नावच विनंती आहे त्यात असते.

या मालिकेचे संपादक अनेक वर्षं जॉन पोस्टेल होते. लांब दाढीचा, पायात सँडल घालणारा, कामाला अतिशय काटेकोर माणूस. त्यांच्याच अमलात १ एप्रिल १९७८ ला आरएफसी ७४८ निघाला. लेखक मार्क क्रिस्पिन. त्यात त्यांनी म्हटलं की संगणक माहिती अधूनमधून आपोआप हरवतच असतात, तर मग ती कधी हरवावी हे ठरवण्याची सोय तरी वापरणाऱ्याला द्यावी. रीतसर कलमं, रीतसर आकडे, रीतसर वाटाघाटीची पद्धत. हे क्रिस्पिन कोण? पुढे १९८० च्या दशकात त्यांनी आयमॅप तयार केलं. आपल्या फोनवर वाचलेली ईमेल ऑफिसच्या संगणकावरही 'वाचलेली' म्हणून दिसते ती याच आयमॅपमुळे. माहिती हरवण्याची थट्टा करणाऱ्या माणसानं ती न हरवण्यासाठी आयुष्य घातलं, यात मला विसंगती दिसत नाही. ज्याला एखादी गोष्ट खुपते तोच तिच्यावर असा बारकाईनं विनोद करू शकतो.

पुढे १ एप्रिलचा आरएफसी ही प्रथाच पडली. आपल्याकडे १ एप्रिल म्हणजे नवं आर्थिक वर्ष, बँकांत आदल्या रात्रीची जागरणं. तिकडे त्याच दिवशी इंटरनेटची मंडळी आपल्या गंभीर मालिकेत एक हसरा कागद घालतात. गोंधळ होतोच, कारण त्या तारखेचे काही कागद खरेखुरे गंभीरही निघाले आहेत. मजकूर वाचून ज्यांना थट्टा ओळखता येत नाही त्यांना मार्केटिंगमध्ये भवितव्य आहे, असं मालिकेच्या संपादकांनी एकदा लिहूनही ठेवलं होतं.

पोस्टेल १६ ऑक्टोबर १९९८ ला गेले. दुसऱ्याच दिवशी, इंटरनेटची रचना मांडणाऱ्यांपैकी एक असलेल्या व्हिंट सर्फ यांनी त्यांच्यावर लिहिलेला मृत्युलेख आरएफसी २४६८ म्हणून याच मालिकेत छापला गेला. नियम, थट्टा आणि शोक एकाच वहीत, एकाच साच्यात, ओळीनं क्रमांक घालून.

५५ टक्के

कबुतरांच्या कागदाला अकरा वर्षं झाली तेव्हा नॉर्वेतल्या बर्गन शहरातल्या लिनक्सप्रेमी मंडळींनी ठरवलं की हे करून बघायचंच. तिथल्या कबूतर पाळणाऱ्यांचा एक संघ त्यांना मदतीला मिळाला. २८ एप्रिल २००१ ला सुमारे ५ किलोमीटर अंतरावर प्रयोग झाला. पाठवायचा संदेश सगळ्यात साधा, ज्याला पिंग म्हणतात तो. एक संगणक विचारतो, 'आहेस का?' आणि दुसरा म्हणतो, 'आहे.' तारेवर याला हजारांश सेकंद लागतात. इथे पुडकं कागदावर छापायचं, पायाला बांधायचं, कबूतर सोडायचं, पलीकडे कागद स्कॅन करून संगणकाला वाचायला द्यायचा, आणि उत्तरही तसंच पाठवायचं.

९ संदेश गेले, ४ उत्तरं आली. सर्वांत लवकरच्या उत्तराला ५३ मिनिटं लागली, सर्वांत उशिराच्या उत्तराला १०६ मिनिटं. पिंगच्या प्रोग्रामनं शेवटी नेहमीप्रमाणे हिशेब छापला: ५५ टक्के पुडकी हरवली.

हा आकडा सांगितला की लोक हसतात. मला त्या हिशेबाकडे बघताना हसण्याबरोबर आदरही वाटतो. पिंगच्या प्रोग्रामला कबुतराबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यात पक्ष्यांसाठी एक ओळही वेगळी लिहिलेली नव्हती. १९७० च्या दशकात व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी जी रचना मांडली तिचा गाभाच हा होता की खालचं माध्यम कुठलंही असो, तार असो, रेडिओ असो, उपग्रह असो, पुडकं पोचलं की झालं. हे तत्त्व पुस्तकात सगळेच लिहितात. ते किती खरं आहे हे बर्गनच्या आकाशात कबुतरांनी सिद्ध केलं.

आणि विलंब व क्षमता या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हा त्या कागदाचा दुसरा धडा. सप्टेंबर २००९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका कंपनीनं विन्स्टन नावाच्या कबुतराच्या पायाला ४ गिगाबाइटचं मेमरी कार्ड बांधून ते डर्बनकडे सोडलं, आणि त्याच वेळी तेवढीच माहिती इंटरनेटवरून पाठवायला सुरुवात केली. कबूतर सुमारे ८० किलोमीटर उडून १ तास ८ मिनिटांत पोचलं. कार्डावरची माहिती उतरवून घेण्यासकट २ तास ७ मिनिटं लागली. तेवढ्या वेळात तारेवरून ४ टक्के माहिती गेली होती. तिथल्या इंटरनेट सेवेवर इतकी नेमकी टीका दुसरी झाली नसेल.

इथे थट्टा संपते आणि शास्त्र सुरू होतं. १० एप्रिल २०१९ ला कृष्णविवराचं पहिलं चित्र जगानं पाहिलं. त्यासाठी एप्रिल २०१७ मध्ये जगभरच्या दुर्बिणींनी सुमारे ५ पेटाबाइट माहिती गोळा केली होती. ती इंटरनेटवरून पाठवणं व्यवहार्यच नव्हतं. हार्ड डिस्कची खोकी विमानानं अमेरिका आणि जर्मनीतल्या केंद्रांकडे नेली गेली. दक्षिण ध्रुवावरच्या दुर्बिणीच्या डिस्क तर अंटार्क्टिकाचा हिवाळा संपून विमानं सुरू होईपर्यंत महिनोन्महिने तिथेच पडून होत्या. विलंब प्रचंड, पण एका खेपेची क्षमता कुठल्याही तारेपेक्षा जास्त. वेट्झमनच्या कागदात पक्ष्याच्या जागी विमान घातलं की हेच होतं. आमच्या बँकेत स्कूटर होती.

नोंदवहीतला पतंग

अशा विनोदांचं एक दुर्दैवही आहे. ते खरे समजले जातात.

प्रोग्राममधल्या चुकीला 'बग' का म्हणतात, याची गोष्ट आपल्याकडच्या संगणकाच्या गाइडांतही असते. ९ सप्टेंबर १९४७, हार्वर्डचा मार्क-२ संगणक, रिलेमध्ये अडकलेला पतंग. तो किडा काढून नोंदवहीत चिकटवला गेला हे खरं आहे, आणि ते पान आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पण शब्द तिथून आला नाही. यंत्रातल्या दोषाला बग म्हणण्याची पद्धत एडिसनच्या काळात, १८७० च्या दशकातच होती. नोंदवहीत किड्याशेजारी लिहिलं आहे की प्रत्यक्ष बग सापडल्याचा हा पहिला प्रसंग. 'प्रत्यक्ष' या शब्दातच सगळी गंमत आहे. लिहिणाऱ्याला जुना शब्द ठाऊक होता, म्हणून तर खरा किडा सापडल्यावर त्याला राहवलं नाही. मार्क-२ वर काम केलेल्या ग्रेस हॉपर ही गोष्ट व्याख्यानांत रंगवून सांगत. ऐकणाऱ्यांनी गंमत सोडली आणि व्युत्पत्ती तेवढी घेतली.

दुसरा प्रसंग १९८२ चा. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकावरून निरोप टाकणारी मंडळी एका पदार्थविज्ञानाच्या कोड्यावर रंगली होती. लिफ्टची दोरी तुटून ती खाली पडत असेल, तर आत पेटलेल्या मेणबत्तीचं आणि जमिनीवरच्या पाऱ्याच्या थेंबाचं काय होईल? एकानं त्याच सुरात इशारा दिला की प्रयोगामुळे डावीकडच्या लिफ्टमध्ये पारा सांडला आहे आणि थोडी आगही लागली होती. ज्यांनी आधीचं वाचलं नव्हतं त्यांना तो इशारा खराच वाटला. चेहरा नाही, आवाज नाही, नुसती अक्षरं. थट्टा ओळखायची कशी? १९ सप्टेंबरला सकाळी ११ वाजून ४४ मिनिटांनी स्कॉट फालमन यांनी सुचवलं की गमतीच्या निरोपाखाली अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस अशी खूण करावी. मान डावीकडे कलती करून बघितलं की हसरा चेहरा. व्हॉट्सॲपवर आपण रोज जे हसरे चेहरे पाठवतो त्यांचा हा पूर्वज. विनोद खरा समजला जाऊ नये एवढ्याचसाठी तो जन्मला.

मी किटली आहे

४०४ हा आकडा सगळ्यांच्या ओळखीचा. मागितलेलं पान सापडलं नाही, असं वेबसाइट त्या आकड्यानं सांगते. ४ नं सुरू होणारे आकडे म्हणजे मागणाऱ्याची चूक, ५ नं सुरू होणारे म्हणजे देणाऱ्याची. यांत ४१८ हा एक आकडा आहे आणि त्याचा अर्थ आहे, 'मी चहाची किटली आहे.'

१ एप्रिल १९९८ ला लॅरी मॅसिंटर यांनी कॉफीच्या भांड्यांवर इंटरनेटवरून ताबा ठेवण्याचे नियम लिहिले. त्याला पार्श्वभूमी होती. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक विभागात १९९१ पासून कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखलेला होता, इमारतीच्या दुसऱ्या भागातून येऊन रिकामं भांडं बघावं लागू नये म्हणून. १९९३ मध्ये तो वेबवर आला आणि जगभरचे लोक ते १२८ गुणिले १२८ ठिपक्यांचं करडं चित्र बघायला लागले. मॅसिंटर यांच्या नियमांत कॉफी उकळायची आज्ञा होती, दूध ओतताना 'बस' म्हणायचीही आज्ञा होती. आणि कुणी चहाच्या किटलीला कॉफी करायला सांगितलं तर तिनं ४१८ हे उत्तर द्यावं.

मॅसिंटर हे वेबचे नियम लिहिणाऱ्यांपैकीच एक. वेबच्या नियमावलीत वाटेल ती कामं कोंबण्याचा तेव्हा सपाटा चालला होता, तो किती गैर आहे हे त्यांना दाखवायचं होतं. पण प्रोग्राम लिहिणाऱ्यांना किटली इतकी आवडली की गो, नोड अशा बड्या साधनांत ४१८ खरोखरच जाऊन बसलं. ऑगस्ट २०१७ मध्ये वेबच्या नियमांचं काम पाहणाऱ्या गटाचे प्रमुख मार्क नॉटिंगहॅम यांनी ते काढायला सांगितलं. आकडे मोजकेच आहेत, पुढे एखाद्या खऱ्या कामाला ४१८ लागेल, तेव्हा ही थट्टा आडवी येईल, हे त्यांचं म्हणणं. त्यावर १५ वर्षांच्या एका मुलानं किटली वाचवायची मोहीम काढली. यंत्रांच्या तळाशी माणसंच आहेत, याची ही एवढीशी आठवण राहू द्या, असा त्याचा आग्रह.

मला दोघांचंही पटतं. नॉटिंगहॅम यांची काळजी चांगल्या कारागिराची होती. मुलाची भावना त्याहून खोल होती. शेवटी तोडगा निघाला: आकडा राखून ठेवायचा. जून २०२२ मध्ये निघालेल्या आरएफसी ९११० मध्ये, म्हणजे आज वेब जिच्यावर चालतं त्या मूळ नियमावलीत, ४१७ च्या पुढे आणि ४२१ च्या आधी ४१८ चं कलम आहे. हा आकडा एका थट्टेत वापरला गेला, ती थट्टा फार ठिकाणी पोचली, म्हणून आता तो दुसऱ्या कशाला देता येत नाही, अशा अर्थाचा खुलासा तिथे आहे. अधिकृत कागदानं इतक्या समंजसपणे हार मानलेली मी दुसरी पाहिलेली नाही.

त्याच वर्षी फेब्रुवारीत, युक्रेनवर हल्ला सुरू झाला तेव्हा, रशियाच्या संरक्षण खात्याची वेबसाइट देशाबाहेरून उघडणाऱ्यांना ४१८ हेच उत्तर देत होती. ते वाचून मी बराच वेळ अस्वस्थ होतो. थट्टा ज्यांनी केली त्यांच्या हातात ती राहत नाही.

दुष्टपणाचा बिट

या सगळ्यांत मला सर्वांत धारदार वाटतो तो १ एप्रिल २००३ चा आरएफसी ३५१४. लेखक स्टीव्हन बेलोविन, इंटरनेटच्या सुरक्षेवर ज्यांचा शब्द प्रमाण मानला जातो ते. प्रत्येक पुडक्याच्या माथ्यावर एक बिट, म्हणजे शून्य किंवा एक एवढीच जागा, कधीच वापरली गेलेली नव्हती. बेलोविन यांनी ती दुष्टपणासाठी नेमून दिली. ज्याचा हेतू वाईट आहे त्यानं आपल्या पुडक्यावर तिथे एक लिहावा. ज्याचा हेतू चांगला आहे त्यानं शून्य. म्हणजे पहारा देणाऱ्या यंत्रांचं काम सोपं होईल.

ओटीपी विचारणाऱ्या भामट्यानं आधी 'मी भामटा बोलतोय' म्हणावं, तशी ही अपेक्षा. सुरक्षेची जी जी योजना समोरच्याच्या प्रामाणिकपणावर उभी आहे तिचं बेलोविन यांनी या एका बिटात चित्र काढलं.

आणि मग तंत्रज्ञानाच्या जगानं तसंच एक मानक गंभीरपणे तयार केलं. २००९ मध्ये कल्पना निघाली की ब्राउझरनं प्रत्येक मागणीबरोबर वेबसाइटला सांगावं, 'माझा माग काढू नका.' त्याची खूण फक्त एक आकडा, १. मोठ्या ब्राउझरांनी ती सोय दिली, आंतरराष्ट्रीय गट वर्षानुवर्षं बैठका घेत राहिला. पण ती खूण पाळायची की नाही हे ज्यांची कमाई माग काढण्यावर चालते त्यांच्याच मर्जीवर होतं, आणि बहुतेकांनी ती पाळली नाही. जानेवारी २०१९ मध्ये तो गट बंद झाला. कोट्यवधी लोकांनी सेटिंगमध्ये जाऊन ते बटण चालू केलं असेल आणि निर्धास्त झाले असतील, याचं मला मनापासून वाईट वाटतं. बेलोविन यांचा कागद तेव्हा उपलब्ध होता, फुकट होता आणि काही मिनिटांत वाचून होणारा होता.

ढाबळ

त्या रात्री मामा अडीचच्या सुमारास परतले. आम्ही दोघं कशाला हसतोय म्हणून त्यांनी विचारलं. साहेबांनी त्यांना बसवून सगळा कागद मराठीत समजावून सांगितला. पायाला चिठ्ठी, ठरलेला मार्ग, २५६ मिलिग्रॅम. मामा हसले नाहीत. कसब्यातल्या वाड्याच्या गच्चीवर त्यांची स्वतःची ढाबळ होती, तीस-चाळीस कबुतरं होती, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

"या कबुतराची ढाबळ कुठंय?" त्यांनी विचारलं.

साहेबांनी पानं उलटून पाहिली. तसं काही लिहिलेलं नव्हतं.

"अहो, कबूतर आपल्या ढाबळीकडंच उडतं. इथून शाखेत जायचं तर शाखेत ढाबळ पाहिजे. आणि तिकडून उत्तर यायचं तर इथल्या ढाबळीचं कबूतर आधी तिकडं नेऊन ठेवायला पाहिजे. पिंजऱ्यात घालून. ते कोण नेणार?"

साहेबांनी खिशातलं पेन काढून समासात लिहिलं, 'परतीचा मार्ग?' आणि खाली रेघ मारली.

"मीच नेणार, दुसरं कोण," मामा म्हणाले, आणि स्कूटरची किल्ली बाजूला सारून चौदावी फ्लॉपी टेबलावर ठेवली.